प्रसादाचा फ्लॅश

आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी जे खळगे होते, त्यांत अंडी कधीच नव्हती. तिथे कॅमेऱ्याचे रोल असायचे, काळ्या डब्यांत, बारा. लग्नसराईत ते वाढून लोण्याच्या कप्प्यात शिरायचे आणि आईचं लोणी खाली दुधाशेजारी यायचं. आई कोथिंबीर काढायला दार उघडायची तेव्हा दर वेळी म्हणायची, "या घरात मंजूपेक्षा रोलांची बडदास्त जास्त." मंजू म्हणजे मी. आईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मला ताप आला तर एक गोळी आणि पांघरूण. वीज गेली तर मात्र बाबा ओल्या फडक्यात रोलांचे डबे गुंडाळून त्यांच्या उशाशी बसून राहायचे.

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही राहायचो. पुढची खोली म्हणजे बाबांचा स्टुडिओ, मागच्या दोन खोल्या घर, आणि मधे मोरी. मोरी हीच डार्करूम. खिडकीला काळं रेक्झीन ठोकलेलं, वर लाल दिवा, दोरीवर एका बाजूला माझ्या ओढण्या आणि दुसऱ्या बाजूला चिमट्यांना लटकलेले लोकांचे ओले चेहरे. अंघोळी सकाळी आठच्या आत उरकायच्या. त्यानंतर हातपाय धुवायचे असले तरी दारावर टकटक करून "दिवा कुठला?" असं विचारायचं, आणि आतून "लाल" असं उत्तर आलं की थांबायचं. फोटो धुवायच्या औषधांचा आंबूस वास आमच्या टॉवेलांना, उशांना, माझ्या वेणीला कायम असायचा. शाळेत मुली विचारायच्या, तुमच्याकडे लोणचं नासलंय का गं? अजूनही कुठे व्हिनेगर सांडलं की मला घरी आल्यासारखं वाटतं.

काळा-पांढरा रोल बाबा घरीच धुवायचे, आणि त्याची वेळ लावायचे ती आईच्या स्तोत्रावर. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आई एक मोठं स्तोत्र म्हणायची, कुठेही न अडता, रोज त्याच चालीत. पहिल्या ओळीला बाबा रोल औषधात घालायचे, शेवटच्या ओळीला बाहेर. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते मोरीतून दिसत नसे, आणि बाबांच्या मते आई त्याच्यापेक्षा वक्तशीर होती. एकदा मधेच शेजारच्या काकू हळद मागायला आल्या, आई त्यांच्याशी बोलत राहिली, आणि कुणाच्या तरी बारशाचा अख्खा रोल करपला. तेव्हापासून स्तोत्र चालू असताना आमच्या दाराला आतून कडी असायची.

लग्नाचे रंगीत रोल मात्र ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या लॅबमध्ये जायचे. लग्नाचं काम रोलांवर ठरायचं. पाच रोल म्हणजे पाच, प्रत्येकात छत्तीस फोटो. पण लग्नाला येणाऱ्या माणसांना छत्तीसचा पाढा येत नसतो. नवऱ्याची आत्या तिसऱ्यांदा साडी सारखी करून उभी राहायची, पोरं कुल्फी खाताना "काका, आमचा, आमचा" करत यायची. त्यांच्यासाठी बाबांकडे एक तोड होती. फ्लॅश काठीवर लावून मी धरायचे आणि त्याची वायर बाबांच्या कॅमेऱ्याला जोडलेली असायची. फ्लॅशच्या पाठीवर एक छोटं बटण होतं. ते दाबलं की उजेड लखकन पडायचा आणि कॅमेरा गप्प राहायचा. रोलवर काहीच उमटायचं नाही. त्याला आमच्या घरातला शब्द होता 'प्रसाद'. बाबा कॅमेरा डोळ्याला लावून, ओठ फारसे न हलवता म्हणायचे, "प्रसाद." मी बटण दाबायचे. मंडळी डोळे मिचकावत खूश होऊन जेवायला जायची.

"अगं, त्यांना फोटो नको असतो, काढून घ्यायचा असतो," बाबा समजवायचे. "कुणी रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढंच." पण त्यांचा एक नियम होता. ज्याचा फोटो आधी निघालाय त्यालाच प्रसाद. ज्याचा एकदाही निघाला नाही, त्याच्यावर रोल खर्च करायचा. आईला तो शब्दच आवडायचा नाही. "देवाचं नाव घेऊन लबाडी," एवढं म्हणून ती कुळथाचं पिठलं जरा जास्तच जोरात ढवळायची.

मी कॉलेजात गेले त्याच सुमाराला डिजिटल कॅमेरे आले. आमच्या कोपऱ्यावरच्या दुसऱ्या स्टुडिओने घेतला, आणि आमचं गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायला लागलं, "तुमच्याकडे लगेच बघायला मिळतो का?" मी रोज बाबांच्या मागे लागायचे. बाबा म्हणायचे, "हजार काढायचे आणि नऊशे पुसायचे, त्यात कसली आलीय फोटोग्राफी?" एका दुपारी ते लॅबमधून रोल घेऊन आले आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसले. लॅबवाल्याने त्यांना सांगितलं होतं, "काका, अजून दोनेक वर्षं. मग रोल धुवायला कोणी येणार नाही. मी मशीन विकायला काढलंय." बाबा उठले, फ्रिज उघडून रोलांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "डिजिटलमध्ये खोटं फार सोपं. निगेटिव्ह खोटं बोलत नाही." मी तेव्हा फार हुशार होते. मी म्हटलं, "निगेटिव्ह नाही बोलत हो, प्रसाद बोलतो." बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई मधे निरोप्याचं काम करत होती आणि मनातून माझ्या बाजूने होती, हे तिने मला जास्त वाढलेल्या घावन्यांवरून कळलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात कल्याणला एका हॉलमध्ये लग्न होतं. मुलीकडचे शीळफाट्याच्या अलीकडच्या गावचे. सकाळपासून लाउडस्पीकर इतका मोठा होता की शेजारच्या माणसाचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागत होतं. पाठवणी जवळ आली तेव्हा पाचव्या रोलवर दोन फोटो उरले होते. बाबा ते राखून होते. तेवढ्यात नऊवारीतली एक म्हातारी माझ्या दंडाला धरून कानाशी आली. "पोरी, आमच्या म्हाताऱ्याचा येक फोटू काढ. त्याचा कवा निंगालाच नाय." तिच्यामागे तिचा नवरा उभा होता. पांढरी टोपी, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, डोळे उन्हात बघितल्यासारखे बारीक. मी बाबांना खूण केली. म्हातारबाबा खुर्चीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ ताठ करून. बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. चमकत्या शर्टातला कुणी मुलगा मधून जात होता. आणि बाबांचा आवाज आला, "प्रसाद."

मला क्षणभर नवल वाटलं. म्हातारी मला जे कानात बोलली ते बाबांनी ऐकलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण दोन फोटो उरलेत, बाबांनी ठरवलं असेल, असं वाटलं आणि मी बटण दाबलं. उजेड पडला. म्हातारबाबांनी डोळे मिटले, उघडले, आणि उठून माझ्याजवळ आले.

"आलो का मी?" त्यांनी विचारलं.

"आलात," मी म्हटलं. "मस्त आलात, आजोबा."

त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. असं हसू मी त्या दिवशी नवऱ्यामुलाच्या तोंडावरसुद्धा पाहिलं नव्हतं. बाबांनी कॅमेरा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होते. पण मुलीच्या मामांनी पाठवणीसाठी हाक मारली आणि आम्ही तिकडे धावलो.

पावसाळा संपता संपता तीच म्हातारी आमच्या स्टुडिओत आली. तिचं नाव हौसाबाई. अल्बमच्या मागे आमचा शिक्का होता, तो एका पोराकडून वाचून घेऊन ती एकटी शोधत आली होती. "आमचा म्हातारा गेला," ती म्हणाली, जसं कुणी बाजारात गेलं असं सांगावं. "घरात त्याचा फोटू नाय. मतदानाच्या कार्डावर हाय, त्यात कोन हाय ते देवालाच ठावं. तुमी कल्यानला काढलेला, तो द्या. मना भिंतीवर लावाचाय." बाबांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की निगेटिव्ह शोधायला लागतील, गुरुवारी या. ती गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

"मंजू, त्या आजोबांना तू प्रसाद का दिलास?"

मला रागच आला. "मी का दिला? तुम्हीच म्हणालात. मी स्पष्ट ऐकलं."

 बाबांनी टेबलाच्या खणातून त्या लग्नाची पत्रिका काढली आणि माझ्यापुढे ठेवली. खाली किलबिल मंडळींच्या वर छापलं होतं, वराचा धाकटा भाऊ, चि. प्रसाद.

"तो मधे आला होता," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, प्रसाद, जरा सरक रे बाबा. मी काढणार होतो गं."

त्या गोंगाटात मला पहिलाच शब्द ऐकू आला होता, आणि तो आमचा शब्द होता.  मी रडायला लागले तर बाबा म्हणाले, "थांब. सगळं तुझं नाही. त्यांना पुन्हा बसवता आलं असतं. दोन होते की रोलवर. ते एवढे खूश झाले होते, मी मनात म्हटलं, जाऊ दे." मग पत्रिका परत खणात ठेवत म्हणाले, "चूक तुझी झाली. जाऊ दे म्हणालो तो मी."

गुरुवारपर्यंत बाबांनी पाचही रोलांच्या निगेटिव्हच्या पट्ट्या काचेवर मांडून, खालून दिवा लावून, भिंगाने एकेक पाहिली. कुणाच्या तरी मागे, पंगतीत, मांडवाच्या दारात, कुठेतरी म्हातारबाबा असतील म्हणून. मीही पाहत होते. निगेटिव्हमध्ये पांढरी टोपी काळी दिसते, त्यामुळे आम्ही काळी टोपी शोधत होतो. शेवटी चौथ्या रोलवर, पंगतीच्या फोटोत, वाढप्याच्या कोपराआड ती सापडली. टोपी आणि एक कान. चेहरा पलीकडे, पानाकडे वळलेला. बाबांनी तेवढाच भाग मोठा करून छापला. कागदावर रव्यासारखे कण आले आणि त्या कणांत एक कान.

"लॅबवाला कॉम्प्युटरवर काहीतरी करून देईल," मी म्हटलं. "कार्डावरचा चेहरा घेऊन." बाबांनी नकाराची मान हलवली. इतके दिवस डिजिटलला खोटं म्हणणारा माणूस त्या क्षणी ते मान्य करील असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर करावं अशी माझी इच्छा होती. म्हणजे मला काही कबूल करावं लागलं नसतं.

हौसाबाई सकाळी अकरालाच आल्या. येताना केळीच्या पानात बांधून सुके बोंबील आणले होते, आमच्या शाकाहारी घरात. आईने ते दोन्ही हातांनी घेतले आणि सरळ फ्रिजमध्ये, रोलांच्या खाली ठेवले. बाबांनी कानाचा फोटो पुढे केला. हौसाबाईंनी तो खिडकीशी नेऊन बघितला. "तोच हाय," म्हणाल्या. "कानावरून वळखला. जेवतंय वाटतं." मग वळून विचारलं, "आनि तो दुसरा? समोरून काढलेला?"

बाबांनी घसा साफ केला. पण बोलले मी. "आजी, तो काढलाच नाही. मी नुसता उजेड पाडला. आणि आजोबांना खोटं सांगितलं, आलात म्हणून." आमचा शब्द आणि चि. प्रसादची ती सगळी गोष्ट मी सांगणार होते, पण तिथे उभं राहिल्यावर ती सांगण्यासारखी वाटली नाही. बाबा म्हणाले, "दोघांचीही चूक आहे, आजी. माझी जास्त."

हौसाबाई बाकावर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "त्याने सगल्या गावाला सांगलेला," त्या म्हणाल्या, "माझा फोटू कल्यानला हाय. कोन आजारी बघाला आला तरी तेच. मिठागरावर जल्म काढला त्यानं, कोलशेताला. त्या मिठाच्या उजेडानं डोले गेले. म्हनाचा, एवढा उजेड पाह्यला, पन ह्यो उजेड माझ्यासाठी पाडलेला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याला सांगला नाय ते बरा केलास. मना सांगलास तेबी बरा केलास." त्यांच्या आवाजात माफी होती की नुसता थकवा, ते मला आजही ठरवता येत नाही.

आणि मग त्या म्हणाल्या, "आता माझा काढ. खरा काढ."

बाबांनी फ्रिजमधून नवा रोल आणला, काळा-पांढरा, घरी धुता येईल असा. कॅमेऱ्यात भरला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. फ्लॅशची काठी त्यांनी स्वतः धरली. मी तोवर कधी स्टुडिओतला फोटो काढला नव्हता. भिंगातून पाहिलं तर हौसाबाई बाकाच्या अगदी एका टोकाला बसल्या होत्या. "आजी, मधे या," मी म्हटलं. "नको," त्या म्हणाल्या. "हितं तो बसतो." बाबांकडे पाहिलं तर ते काठी धरून भिंतीकडे बघत होते. मी दोन पावलं मागे गेले, सगळा बाक दिसेल इतकी, आणि बटण दाबलं. या वेळी कॅमेऱ्याचा आवाज आला.

"आले का मी?" हौसाबाईंनी विचारलं.

मला 'आलात' म्हणता येईना. "माहीत नाही, आजी," मी म्हटलं. "धुतल्यावर कळेल."

"मग धू की," त्या म्हणाल्या आणि पाय वर घेऊन बसल्या.

एका फोटोसाठी रोल धुवायचा म्हणजे पस्तीस कोरे जाणार. पाहुण्यांच्या पोरांवर एक जादा फोटो खर्च न करणाऱ्या माझ्या बाबांनी रोल गुंडाळला आणि मोरीत गेले. आतून हाक आली, "अगं, म्हण." आई भाकरी थापत होती. भर दुपारी, पिठाच्या हातांनी, देवापुढे नव्हे तर गॅसपुढे उभं राहून तिने स्तोत्र सुरू केलं. हौसाबाई आत आल्या, आईची भाकरी बघून नाराज झाल्या, आणि आईला तोंडाने स्तोत्र थांबवता येईना म्हणून तिला नुसतंच बाजूला सारून स्वतः तांदळाची भाकरी हातावर थापायला लागल्या, वर्तमानपत्राच्या कागदाइतकी पातळ. बाबा मोरीत, आई स्तोत्रात, त्या भाकरीत, आणि मी दाराची कडी धरून उभी, कुणी हळद मागायला येऊ नये म्हणून.

रोल वाळेपर्यंत आम्ही जेवलो. मग बाबांनी मला लाल दिव्यात बोलावलं, हौसाबाईंनाही. त्या तेवढ्याशा मोरीत आम्ही तिघं औषधाच्या ताटलीवर वाकलो. पांढऱ्या कागदावर आधी बाकाची कड आली, मग नऊवारीचे काठ, मग कपाळ. शेवटी डोळे. हौसाबाई इतका वेळ श्वास रोखून होत्या. "आले," त्या म्हणाल्या. मग बाकाच्या रिकाम्या बाजूकडे बोट दाखवून, "तोबी आला." त्या फोटोवर बोट टेकवणार तेवढ्यात बाबांनी त्यांचा हात हलकेच धरला. फोटो अजून ओला होता.

पुढच्या लग्नसराईआधी बाबांनी डिजिटल कॅमेरा घेतला. माझ्या हट्टाने घेतला असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मला फक्त एवढंच म्हणाले, "प्रसाद बंद." आणि खरंच, त्यानंतर जो समोर उभा राहील त्याचा फोटो ते काढायचे, आत्यांचा चार-चार वेळा. पण त्यांचा अंगठा शेवटपर्यंत रोल पुढे सारायचा खटका शोधत राहिला, आणि छत्तीस झाले की ते थांबून माझ्याकडे बघायचे. "अजून आहेत, बाबा," मी म्हणायचे. त्यांचा विश्वास बसत नसे.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. स्टुडिओ मी चालवते. पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स, शाळांची ओळखपत्रं. मी केस रंगवायचे सोडले आहेत आणि गिऱ्हाइकं मला काकू म्हणतात. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ईरा नावाची मुलगी राहते, कॉलेजातली. तिला तिच्या आजोबांच्या कपाटात जुना कॅमेरा सापडला, आणि रोल कसा भरायचा ते विचारायला ती माझ्याकडे आली. ती म्हणते, "काकू, फिल्म परत येतेय. सगळे घेतायत. फ्यूचर आहे हो." मी म्हणते, येऊ दे बापडी, माझ्या फ्रिजमध्ये जागा आहे. तिचे दोन रोल आता तिथेच असतात, अंड्यांच्या खळग्यांत. तिला फिल्म आवडते कारण छत्तीसच मिळतात, प्रत्येक वेळी विचार करावा लागतो. मी तिला म्हटलं, "छत्तीस असले की कुणाला तरी वगळावंही लागतं. तोही विचार करत जा." तिला ते कळलं की नाही, ठाऊक नाही. मलाही तिच्या वयात कळलं नव्हतं.

परवा ती दुपारी आली, बाकावरचे झेरॉक्सचे गठ्ठे खाली ठेवले आणि म्हणाली, "बसा ना, तुमचा काढते." आयुष्यभर मी कॅमेऱ्याच्या अलीकडे. मी बसले, हात कुठे ठेवावेत ते कळेना, मग गुडघ्यांवर ठेवले. ईराने बराच वेळ भिंगातून पाहिलं. खटका वाजला. आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"आले का गं मी?"

"काय माहीत, काकू," ती रोल पुढे सारत म्हणाली. "अजून अकरा बाकी आहेत. धुतल्यावर कळेल."

"बरं," मी म्हटलं. "थांबते."